पालखी आमच्या माजघरातून गेली

माझ्या लहानपणी अलिबागला रस्त्यानं चालायचे ते पुरुष, बैलगाड्या आणि कोर्टात तारखेला आलेले लोक. आम्हा बायकापोरींचं रस्त्यावाचून काही अडत नव्हतं. आम्ही परसांतून जायचो. प्रत्येक घराच्या मागं नारळी-पोफळींची वाडी, वाडीच्या टोकाला दगडांवर दगड रचलेला गडगा, गडग्यात एक खिंडार आणि खिंडारात गुरं शिरू नयेत म्हणून आडवे बांबू घातलेलं बेडं. परकर सावरून बेडं ओलांडलं की दुसऱ्याची वाडी, तिथलं ओलांडलं की तिसऱ्याची. असं करत करत मी आमच्या आळीतून निघून देवळाच्या मागं कधी पोचायची ते मलाच कळायचं नाही. नियम एकच होता. कुणाच्या परसात शिरलं की जरा खाकरायचं, नाहीतर "मी गं" म्हणायचं. मी म्हणजे कोण, हे कुणी विचारत नसे.

आणि नुसतं जाणं कुठलं! वाटेत एकीची भाजी खाली लागत असली तर ती ढवळायची, दुसरीचं वाटीभर विरजण तिसरीला पोचतं करायचं, चौथीची सून का रडत होती ते पाचवीकडे जाऊन सांगायचं. घरी परतेस्तोवर पोट भरलेलं असायचं आणि डोकंही. सगळ्या गावाची खबर बायकांना पुरुषांच्या आधी लागायची ती अशी. पुरुष रस्त्यानं वळसे घालत बसायचे आणि बातमी केव्हाच परसातून पुढं गेलेली असायची.

म्हणजे एका गावात दोन गावं होती. रस्त्यावरून दिसायचं ते बाप्यांचं, आणि मागचं आमचं. गंमत अशी की बाप्यांना या दुसऱ्या गावाचा पत्ताच नव्हता.

एकोणीसशे तीसच्या पुढं अलिबाग वाढायला लागलं. धरमतरच्या बाजूनं मोटारी येऊ लागल्या, कचेऱ्यांत माणसं वाढली, समुद्राची हवा खायला मुंबईची मंडळी येऊन राहू लागली. वकील तर इतके झाले की आम्ही पोरी म्हणायचो, आता पक्षकार बाहेरून मागवावे लागणार. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तेही वकीलच. भाड्याच्या घरात जीव गुदमरतो असं त्यांना एकाएकी वाटू लागलं. त्यांच्यासारख्याच आणखी काही जणांनाही वाटू लागलं. एक ओव्हरसियर होते, एक पेन्शनीतले मामलेदार होते, एक हायस्कुलातले मास्तर. या सगळ्या शहाण्यांनी मिळून आमच्या आळीच्या वाड्यांमागचं एक भाताचं शेत विकत घेतलं आणि त्याचे प्लॉट पाडले.

रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर कागद पसरून बैठक बसायची. ओव्हरसियर पट्टी लावून रेघा मारायचे आणि बाकीचे वा वा म्हणायचे. चहा करून करून आईचा पिट्ट्या पडला, पण तुला काय वाटतं असं तिला एकानं विचारलं नाही. कागदावर झालं ते असं: मोठ्या रस्त्यापासून निघणारा एक रुंद, सुतात सरळ रस्ता, दोन्ही अंगांना घरं आणि शेवटाला, रस्ता जिथं संपतो तिथं, आमचं घर. शेवटचा प्लॉट अण्णांनी मुद्दाम मागून घेतला होता. कुणाची ये-जा नको, शांतता हवी. मागच्या बाजूला पुरुषभर उंचीचा गडगा, त्यात खिंडार बिंडार काही नाही. शिवाय रस्त्यावरून भारदस्त दिसावं म्हणून त्यांनी घर या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत आडवं ताणलं. मागच्या अंगणात जायचं तर घरातूनच जायचं, बाजूनं मांजरालासुद्धा वाट नाही. गाव ओळखायचं ते पुढून, एवढंच या लोकांना ठाऊक होतं. दुसरं काय होणार?

आम्ही प्लॉटात राहायला गेलो आणि पहिल्या आठवड्यातच घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. आमच्या जुन्या शेजारणीची, काकूंची वाडी आमच्या गडग्याला लागूनच होती. काकू पलीकडे मसाला कुटायच्या तर इकडे आम्हाला शिंका यायच्या. पण काकूंकडे जायचं तर? फाटकातून बाहेर पडा, सगळा सरळ रस्ता चाला, मोठ्या रस्त्याला लागा, कोर्टावरून जा, बाजारातून जा, मग आमची जुनी आळी, मग काकूंचा ओटा. भर दुपारी पक्षकारांच्या आणि टांगेवाल्यांच्या देखत, हातात झाकलेली वाटी घेऊन, वकिलाची बायको बाजारातून निघाली आहे, हे आईला काही केल्या जमेना. एकदा गेली ती घामाघूम होऊन आली आणि पुन्हा गेली नाही.

आई रेवदंड्याची. तिचं माहेर फिरंग्यांच्या जुन्या कोटाच्या आतलं. एवढी मोठी भिंत सगळ्या गावाभोवती, पण आत जो तो कुणाच्याही वाडीतून कुठंही जायचा. ती म्हणायची, किल्ल्यात वाढले तेव्हा कोंडल्यासारखं वाटलं नाही, आणि या मेल्या गडग्यानं वाटतंय.

आमची कोळीणही यायची बंद झाली. पूर्वी ती परसातून हाक मारायची. आता तिला सगळा वळसा पडायचा. एकदा आली ती टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "बाय, तुजे घरा येईपरत मावरा टोपलीनच शिजतंय." आम्ही हसलो, पण ती खरंच पुढं आली नाही. मग ताकवाली येईना, फुलं देणारी येईना. माझी बडबडी आई, जी चालता चालता दहा घरांचा संसार बोलून टाकायची, ती दुपारी मागच्या अंगणात पाटा उपडा घालून त्यावर उभी राहायची आणि गडग्यावरून नुसतं डोकं काढून काकूंशी बोलायची. काकूंना तिकडून फक्त आईचं कपाळ दिसायचं. मला हसूही यायचं आणि रडूही यायचं. अण्णांना मात्र हवी ती शांतता मिळाली होती. ते खुशीत होते.

अशात चैत्र आला. चैत्रात आमच्या ग्रामदेवीची पालखी निघते. देवळातून निघून सगळ्या आळ्यांतून फिरते आणि देवळात परत येते. दारोदार थांबते, घरची बाई ओटी भरते आणि मग पालखीमागं निघालेल्या बायकांत ती मिसळते. पालखी जिथवर जाईल तिथवर गाव, त्यापलीकडे रान. म्युनिसिपालटीची हद्द काय असेल ती असो, आमची हद्द ही. नव्या घरातला आमचा हा पहिलाच चैत्र. आईनं देवीसाठी खण आणून ठेवला होता आणि महिनाभर आधीपासून अंगण सारवायला घेतलं होतं.

उत्सवाच्या आधी चार-दोन दिवस देवळाचे गुरव आणि गावचे दोघे मानकरी आमच्याकडे आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, पान खाल्लं, आणि मग म्हणाले की यंदा पालखी प्लॉटात येऊ शकत नाही. कारण सोपं होतं. पालखी आल्या वाटेनं परत फिरत नाही. ती प्रदक्षिणेला निघालेली असते, पुढंच जायची. आणि प्लॉटातला रस्ता तर आमच्या दारात येऊन मरतो.

अण्णा वकील. ते कसले गप्प बसतात! त्यांनी बाजू मांडायला सुरुवात केली. आमच्या फाटकात मोठी जागा आहे, पालखी तिथं गोल फिरवली तर? गुरव म्हणाले, फिरून जाणार कुठं, त्याच रस्त्यानं ना. मग अण्णांनी खास ठेवणीतला मुद्दा काढला. पालखी वळवायचीच नाही. देवीचं तोंड आमच्या घराकडेच ठेवायचं आणि भोयांनी मागं मागं पावलं टाकत ती मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची. म्हणजे देवी परत फिरली असं कायद्यानं म्हणता येणार नाही. गुरवांनी यावर खरंच विचार केला. तंबाखू मळता मळता बराच वेळ केला. मग ते म्हणाले, "अण्णासाहेब, देवी मागं मागं सरकत्येय असं दिसलं, तर लोक म्हणतील वकिलाला भ्याली."

मी माजघराच्या दाराआड उभी होते. तोंडात पदर कोंबून हसले. मग आईकडे बघितलं आणि हसू जिथल्या तिथं जिरलं.

त्या रात्री जेवताना तिनं अण्णांच्या पानात भात वाढला, तूप वाढलं, आणि वाढता वाढता सरळ विचारलं. "मला एवढंच सांगा. मी आता गावातली की गावाबाहेरची?"

अण्णांनी कोर्टात भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती. पण यावर त्यांनी आमटी मागितली.

उत्सवाच्या दिवशी कोर्टाला काही सुटी नव्हती. अण्णा काळा कोट चढवून गेले. दुपार कलली तशी गावातून ढोल ऐकू येऊ लागला, आणि आईनं हातातलं काम टाकलं. पदर खोचला. मागच्या अंगणात गेली आणि नारळाच्या आळ्याजवळची पहार उचलून तिनं गडग्यावर घातली.

मी सोळा वर्षांची होते, पण असलं दृश्य मी पाहिलं नव्हतं. पहारीच्या पहिल्या टोल्याला पलीकडून आवाज आला, "घातलीस का?" आणि पलीकडेही धाडकन एक दगड पडला. काकू! म्हणजे या दोघींचं कपाळाकपाळानं सगळं आधीच ठरलं होतं आणि मला पत्ता नव्हता! मी धावले. गडगा चुन्यातला नव्हता, नुसता रचलेला. वरचे दगड निघाले की खालचे आपोआप सुटे व्हायचे. आम्ही दगड काढत होतो आणि मागं फेकत होतो, कुठं पडतायत ते बघायला वेळ नव्हता. एक तुळशीवर पडला, एक अण्णांच्या लाडक्या गुलाबावर पडला. काकूंकडे तिकडे सगळी आळी जमली होती. जी येईल ती दगड उचलत होती आणि जिला उचलवत नव्हता ती कसा उचलायचा ते सांगत होती.

मग मधला दगड गेला आणि भोकातून काकूंचं तोंड दिसलं. घामानं कुंकू नाकावर आलेलं, केसात माती. आईचंही तेच. कित्येक महिन्यांनी दोघी एकमेकींना अख्ख्या दिसत होत्या आणि अशा दिसत होत्या! आधी काकू हसायला लागल्या. मग आई. हसता हसता आई दगडांच्या राशीवर बसलीच. मला वाटलं आता या बायका पालखी बिलखी विसरून इथंच बसणार. तेवढ्यात खिंडारातून आमची कोळीण आत आली, टोपली डोक्यावर तशीच, आणि म्हणाली की पालखी प्लॉटाच्या तोंडाशी आली, आता सरळ पुढं निघेल, मी सांगू का जाऊन? आईनं मान डोलावली. कोळीण आमच्या घरातून तीरासारखी पुढच्या दारानं बाहेर गेली.

पुढचं मी तिच्याच तोंडून नंतर कैक वेळा ऐकलं. तिनं भर रस्त्यात पालखी थांबवली आणि सांगितलं की वकिलाकडे वाट झाली. गुरवांनी विचारलं, पलीकडे निघायला रस्ता आहे? ती म्हणाली, "रस्ता न्हाय. वाट हाय. घरातून हाय."

गुरव विचारात पडले. मानकरी एकमेकांकडे बघू लागले. घरातून पालखी कधी गेली नव्हती. पण जाऊ नये असंही कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. शेवटी गुरव म्हणाले की पुढं जाता येतं ना, मग ती वाटच.

आणि पालखी आमच्या रस्त्याला वळली!

आई आरतीचं ताट करायला धावली. मी दिवाणखान्यातलं सामान ओढायला लागले. अण्णांचं टेबल, फिरती खुर्ची, कायद्याच्या जाडजूड पुस्तकांचं कपाट. कपाट हलेना. ते तसंच राहिलं. तोवर ढोलवाला आत आलासुद्धा. उघड्यावर वाजणारा ढोल चार भिंतींत वाजला की काय होतं ते मी सांगू शकत नाही. फळीवरची भांडी आपण होऊन खाली आली. मामलेदारांची बायको, जी वर्षभर स्वतःच्या फाटकाबाहेर दिसली नव्हती, ती फुगडी घालत आमच्या दिवाणखान्यात शिरली. ओव्हरसियर मागून ओरडून सांगत होते की जरा डावीकडे घ्या, आता उजवीकडे घ्या, आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. दिवाणखान्यातून माजघरात वळताना पालखीचा दांडा अडला. पुढं जाईना. मागं तर न्यायचा नव्हताच. भोई, गुरव, मानकरी, गुलाल, ढोल आणि निम्मं अलिबाग आमच्या घरात अडकून पडलं.

एवढ्यात अण्णा आले. कोर्टात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमचं घर पाडतायत. टोपी हातात, कोटाचं एक बटण तुटलेलं, तोंडाला फेस. एक बूट त्यांनी दारात काढला, दुसरा काढायच्या आत गर्दीनं त्यांना आत ढकललं. नेमका त्याच वेळी दाराच्या चौकटीत चेपलेल्या एका भोयाचा खांदा निसटला. दांडा खाली यायला लागला. बायका किंचाळल्या. ज्या माणसानं जन्मात पाण्याची घागर उचलली नव्हती, त्यानं पुढं होऊन दांड्याखाली खांदा दिला. पालखी सावरली, जरा तिरपी झाली आणि सुळकन माजघरात आली.

तिथं आई ताट घेऊन उभी होती. बाकी सगळ्या गावात देवी दाराशी थांबते. आमच्या आईच्या माजघरात थांबली. ढोल गप्प झाला. आईनं ओटी भरली, खण ठेवला, आणि हात जोडले तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती रडत होती आणि हसत होती. मी तर उड्याच मारत होते. अण्णा एका पायात बूट घालून, दांड्याखाली मान वाकडी करून तिच्याकडे बघत होते.

मग पालखी निघाली. मागच्या दारातून, तुळशीवरून, खिंडारातून, काकूंच्या वाडीत. आणि तिथून पुढं ती आळीच्या रस्त्याला लागलीच नाही. पुढं बेडं, त्यापुढं बेडं. बायका आधी धावत जाऊन बांबू काढत होत्या आणि देवी परसापरसांतून चालली होती. नारळांखालून, रहाटावरून, वाळत घातलेल्या आमसुलांच्या बाजूनं. गोठ्यातल्या म्हशीनं मान वर करून बघितलं. आजवर मागं राहिलेल्या, चुलीपाशी अडकलेल्या म्हाताऱ्यासुद्धा नुसतं मागचं दार उघडून हात जोडत होत्या. अण्णा खांदा बदलायला तयार नव्हते. मी त्यांच्या बाजूनं धावत होते. ते मला दर वाडीत विचारायचे, हे घर कुणाचं गं? एकदा मी म्हटलं, अण्णा, तुम्ही रोज संध्याकाळी ज्यांच्या ओटीवर गप्पा मारता, त्यांचंच आहे हे. मागून त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा खांदा सुजला होता आणि डोकं ताळ्यावर आलं होतं. गवंड्याला निरोप धाडतो म्हणाले. पण त्याआधीच गुरव येऊन सांगून गेले की देवी जिथून एकदा गेली तिथून दर वर्षी जाणार, ती वाट आता बुजवता येत नाही. अण्णांनी पुष्कळ मुद्दे काढले. गुरव तंबाखू मळत राहिले.

आता जरा विचार करा. वाट बुजवायची नाही, आणि वाट होती घरातून! दोन दिवसांत सगळ्या आळीला शोध लागला की कोर्टाकडे जायला हा भलताच जवळचा रस्ता आहे. ताकवाली मागच्या दारानं आली आणि पुढच्या दारानं गेली. मास्तरांची मुलं शाळेला जाताना माजघरातून पळायची. कोळीण टोपली घेऊन अण्णांच्या टेबलाला वळसा घालून जायची, आणि जाताना त्यांच्या पक्षकाराला सुरमई घेतोस का म्हणून विचारायची. एक पक्षकार तर मागून आला आणि चुलीपाशी बसून आईलाच सगळा खटला सांगून गेला. आईनं त्याला तडजोड करायला सांगितलं आणि त्यानं केली! अण्णा भडकले. आई मात्र फुलून आली होती. दिवसभर तिचं तोंड आणि हात दोन्ही चालू. घरात कुणी खाकरलं की ती आतूनच म्हणायची, ये गं.

महिनाभरात अण्णा टेकीला आले. एका सकाळी त्यांनी ओव्हरसियरांना बोलावलं, गवंड्याला बोलावलं. आम्हाला वाटलं, झालं, आता गडगा चढणार. आईचा चेहरा उतरला. पण अण्णा मागं गेलेच नाहीत. ते पुढं गेले, जिथं त्यांचं ऑफिस चालायचं त्या दिवाणखान्यापाशी, जो त्यांनी एवढ्या हौसेनं बाजूच्या कुंपणाला भिडवून बांधला होता. म्हणाले, ही खोली कापायची, आणि घर आणि कुंपण यांच्यामधून मागंपर्यंत बोळ काढायचा. ओव्हरसियरांनी पट्टी काढली आणि बोळ किती रुंद ठेवायचा म्हणून विचारलं.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते माजघराच्या दाराशी आले आणि आईला म्हणाले, "तू सांग."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. घर बांधताना, प्लॉट पाडताना, तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं आधी कुंपणाकडे बघितलं, मग त्या खोलीकडे, आणि जराही न अडखळता सांगितलं. "दोघी बोलत उभ्या राहिल्या, तर तिसरीला जाता आलं पाहिजे."

ओव्हरसियर हसले. अण्णा हसले नाहीत. गवंड्याला म्हणाले, ऐकलंस ना, तेवढी काप.